१ ऑगस्टच्या तोंडावर जुनं आऊटबोर्ड मशीन घेताय? रंग नंतर बघा, आधी नंबर आणि गियरचं तेल बघा

१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस संपत आले की देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांच्या किनाऱ्यावर एकच धावपळ सुरू होते. जाळी विणून काढायची, होडीला तेल-रंग द्यायचा, दोर बदलायचे आणि मशीन बघायचं. ज्याचं मशीन मे महिन्यातच कुरकुरत होतं तो आधी नव्याची चौकशी करतो, भाव ऐकून गप्प बसतो आणि मग जुन्याकडे वळतो. याच दिवसांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो फिरू लागतात. मशीन टू स्ट्रोक, कंडिशन कडक, एका हाताचं, अर्जंट विकणे आहे.

या बाजाराची खरी गोम त्याच्या वेळेतच आहे. जुनं मशीन घेण्याची सगळ्यात मोठी गर्दी जुलैमध्ये होते आणि मशीन नीट तपासायला सगळ्यात वाईट महिना तोच. समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, खाडीच्या तोंडावर लाटा फुटतायत. अशा वेळी मशीन होडीला लावून तासभर चालवून बघतो कोण? विकणाऱ्याच्या अंगणात पिंपात पाणी भरून दोन मिनिटं मशीन चालू करतात, आवाज ऐकतात आणि पैसे मोजतात. घेणाऱ्याला १ तारखेची घाई, विकणाऱ्याला ती घाई ठाऊक. पिंपात छान वाजणारं मशीन तळाशील किंवा देवबागच्या तोंडावर भार पडल्यावर काय करेल, ते पिंप सांगत नाही.

आणि बंद पडतं तेही नेमकं तिथेच. खोल समुद्रात मशीन थांबलं तर नांगर टाकून दुसऱ्या होडीला हाक मारता येते. खाडीमुखावर, लाट फुटते तिथे मशीन गेलं तर होडी आडवी व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून हा विषय फक्त पैशाचा नाही.

मशीन येतात कुठून

किनाऱ्यावर विकायला येणारी मशीनं साधारण तीन-चार वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेची दुखणी वेगळी. मच्छिमाराने मच्छिमाराला विकलेलं मशीन जास्त चाललेलं असतं, पण त्याचा इतिहास गावात सगळ्यांना माहीत असतो. चार जणांना विचारलं की कळतं. तारकर्ली, देवबाग, मालवणच्या पर्यटन बोटींवरची मशीनं दिसायला देखणी असतात. पावसाळ्यात तो धंदा बंद, म्हणून तीही याच दिवसांत बाजारात येतात. पण पर्यटनाचं मशीन दिवसभर चालू-बंद, पुढे-मागे गियर, उथळ पाण्यात वाळू ओढत चाललेलं असतं. त्याचं इंजिन बरं असलं तरी गियर आणि पाण्याचा पंप थकलेला असू शकतो.

तिसरी वाट गोवा-मुंबईकडच्या व्यापाऱ्यांची. इथे मशीन कोणाचं होतं, कुठे चाललं, काहीच कळत नाही. आणि चौथी वाट बुडालेल्या मशीनची. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावर होड्या बुडाल्या, त्यांच्याबरोबर मशीनंही गेली. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत तेच केलं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं मशीन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, उघडून, तेल घालून चालू केलं तर वाचतं. चार दिवस तसंच पडलं तर आतल्या बेअरिंगना गंज धरतो, आणि नंतर कितीही रंग मारला तरी तो गंज आतच राहतो.

तासांचा हिशोबही करून बघावा. लहान मशीनवर बहुधा मीटर नसतो. पण माणूस रोज चार तास, महिन्याला २० दिवस, वर्षाला आठ महिने मशीन चालवत असेल तर एका वर्षात ६४० तास होतात. शनिवार-रविवारी हौसेने बोट काढणाऱ्याचं मशीन तेवढे तास व्हायला पाच-सात वर्षंही घेईल. त्यामुळे 'तीन वर्षांचंच आहे' या वाक्याला एकट्याने काही किंमत नाही. तीन वर्षं कोणाच्या होडीला होतं, हे विचारायचं.

कव्हर काढण्याआधी नंबर

मशीनच्या कंसावर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला धरतो त्या भागावर, कंपनीची छोटी पट्टी असते. तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक. अनेक मशीनवर इंजिनाच्या अंगावरही नंबर ठोकलेला असतो. हे नंबर एकमेकांशी आणि बिलाशी जुळले पाहिजेत. पट्टी खरवडलेली, उपटलेली किंवा नवीन रिबिट मारून बसवलेली दिसली तर तिथेच थांबावं. आऊटबोर्ड ही दोन माणसांनी उचलून न्यायची वस्तू आहे, म्हणूनच ती चोरीला जाते. चोरीचं मशीन स्वस्त पडलं म्हणून कोणी सुटत नाही. पोलीस आले की मशीनही जातं आणि पैसेही.

नंबराचं दुसरं काम अश्वशक्तीचं. काही कंपन्यांच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या मशीनचा सांगाडा जवळजवळ एकच असतो. वरचं कव्हर बदललं किंवा स्टिकर चिकटवला की ९.९ चं १५ दिसतं. स्टिकरवर विश्वास न ठेवता पट्टीवरचा मॉडेल क्रमांक फोटो काढून मेकॅनिकला पाठवावा. त्याला एका मिनिटाचं काम आहे.

कागदाची बाजू आपल्याकडे सगळ्यात जास्त हलक्यात घेतली जाते. मासेमारी नौकेच्या नोंदणीत आणि परवान्यात इंजिनाचा तपशीलही असतो. होडीवर वेगळं मशीन आणि कागदावर वेगळं असेल, तर तपासणीत अडचण येते आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात त्याहून मोठी. जुन्या मालकाने मशीन अनुदानातून घेतलं असेल तर ते विकायला बंधन आहे का, कर्जातून घेतलं असेल तर बँकेचं किंवा सोसायटीचं येणं राहिलंय का, हे सरळ विचारावं आणि लेखी घ्यावं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, किसान क्रेडिट कार्डही मच्छिमारांना लागू आहे. पण बिल नसलेलं जुनं मशीन घेऊन बँकेत गेलं तर बोलणं पुढे सरकणं कठीण. म्हणजे कागद नसलेलं मशीन स्वस्त वाटतं, पण ते रोखीनेच घ्यावं लागतं आणि त्या रोखीचं व्याज खासगी सावकार लावतो. हा खर्च भावात कोणी धरत नाही.

एक गोष्ट वल्ह्यावर किंवा शिडावर चालणाऱ्या होडीवाल्यांसाठी. पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना नाही. होडीला मशीन लागलं की ती सवलत गेली. लहान मशीन असलं तरी नियम बदलतो. मशीन घेण्याआधी मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन नोंदणीत काय बदल करावा लागेल ते विचारून यावं.

थंड मशीन बघायला जा

बघायला जाताना विकणाऱ्याला आधी सांगायचं, मशीन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या कव्हर काढून इंजिनाला हात लावायचा. कोमट लागलं तर समजायचं, आपल्या येण्याआधी कोणीतरी दहा मिनिटं दोरी ओढत होतं. गरम मशीन चटकन चालू होतं, खरी परीक्षा थंडीची.

पण इथे विकणाऱ्याची एक बाजूही खरी आहे. दोन महिने उभं असलेलं मशीन पहिल्या ओढीत चालू होईलच असं नाही. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होतं, बारीक भोकं बुजतात. हा स्वस्तातला दोष आहे, कार्बोरेटर खोलून साफ केला की जातो. म्हणून चालू व्हायला त्रास देणारं मशीन लगेच नाकारायचं नाही आणि पहिल्या ओढीत वाजलं म्हणून लगेच घ्यायचंही नाही. स्वस्त दोष कोणता आणि महाग दोष कोणता, एवढं ओळखता आलं की अर्धी लढाई जिंकली. प्लग, कार्बोरेटर, पंपाचं रबर, पेट्रोलची नळी हे स्वस्त. पिस्टन-रिंग, क्रँकची बेअरिंग, गियर आणि आतून खाल्लेलं इंजिन हे महाग. पहिल्या यादीवरून भाव पाडून घ्यायचा, दुसऱ्या यादीतलं काही निघालं तर घरी यायचं.

महाग दोषांपैकी पहिला कळतो तो कॉम्प्रेशनने. प्लग काढून त्या जागी मीटर लावायचा आणि दोरी जोरात ओढायची. आकडा किती यावा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, केरोसीनवर चालणाऱ्या मशीनचा तो मुळात कमीच असतो. पण दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एक बाजू गेलेली आहे. मीटर मेकॅनिककडे असतो, त्याला बरोबर न्यावं. त्याची दिवसाची मजुरी देताना हात आखडणारे लोक नंतर त्याच मेकॅनिककडे महिनाभर फेऱ्या मारतात.

काढलेले प्लगही बोलतात. दोन्हींचा रंग सारखा, तपकिरी असेल तर बरं. एक काळा ओला आणि दुसरा पांढरा असेल तर एक सिलिंडर नीट जळत नाही. प्लगवर गंजाचे डाग किंवा पाण्याचे थेंब दिसले तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी आत येतंय, असा संशय घ्यायचा.

गियरचं तेल, पंखा आणि जाळ्याचा धागा

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो खालच्या भागाला. पंख्याच्या पुढे, पाण्यात राहणाऱ्या त्या मोदकासारख्या पोटात गियर असतात. त्याच्या तळाशी तेल सोडायचा स्क्रू असतो. मशीन रात्रभर उभं असेल तर फार बरं, कारण पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. स्क्रू थोडा सैल करून पहिले थेंब बोटावर घ्यायचे. स्वच्छ तेल आलं तर ठीक. आधी पाणीच आलं किंवा दुधाच्या चहासारखं तेल आलं तर सील गेलंय. काळं, जळक्या वासाचं तेल म्हणजे वर्षानुवर्षं बदललेलं नाही. बोटावर चमचमणारा चुरा आला तर गियर झिजतायत, तिथे चर्चा संपली. अगदी नवंकोरं तेल निघालं तर तेही विचारण्यासारखं. काल का बदललं?

सील जातं कशाने, तर बहुतेक वेळा जाळ्याच्या धाग्याने. पंख्यात तंगूस अडकतं, वरचं ओढून काढलं जातं, पण दोन वेढे पंख्याच्या मागे शाफ्टवर राहतात. फिरून फिरून ते सील कापतात. पाणी आत, तेल बाहेर, आणि एका हंगामात गियर गंजून मोकळे. न्हय मारणाऱ्यांच्या, म्हणजे जाळी टाकणाऱ्यांच्या होडीवरचं मशीन असेल तर पंखा काढून मागे बघितल्याशिवाय व्यवहार करूच नये. एक नट आणि एक पिन, पाच मिनिटांचं काम. विकणारा त्याला 'नको' म्हणत असेल तर तेच उत्तर समजा.

पंखा हाताने फिरवून शाफ्ट डगमगतो का तेही बघायचं. पात्यांना चेपा पडलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही, पंखा बदलता येतो. पण शाफ्ट वाकडा असेल तर सील आणि बेअरिंग दोन्ही त्याच्यामागून जातात. पंख्याच्या आत रबराचं वेष्टण असतं. ते सुटलं की पिंपात मशीन मस्त वाजतं, पाण्यात भार पडला की आवाज वाढतो आणि होडी मात्र जागेवरून हलत नाही. गियर टाकताना खटकन बसतो की पुन्हा निसटतो, हेही भाराखालीच कळतं.

पाण्याची धार

मशीन चालू झालं की बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. हे सगळ्यांना माहीत आहे. ती धार एवढंच सांगते की पंप पाणी वर ढकलतोय. इंजिनाच्या आतल्या वाटा मिठाने आणि वाळूने बुजल्या असतील तरी धार येऊ शकते. म्हणून पाच नव्हे, पंधरा मिनिटं चालवायचं आणि धारेला हात लावायचा. कोमट पाणी ठीक. वाफाळतं पाणी किंवा मध्येच बारीक होणारी धार आली, तर आत काहीतरी बुजलंय. पंपातलं रबर स्वस्त आहे, पण पाण्याशिवाय चालवलं तर काही सेकंदांत खराब होतं. 'जरा सुकंच चालू करून दाखवतो' म्हणणाऱ्याला तिथेच अडवावं.

बाहेरून बघताना झिंकचा तुकडा शोधावा. खारं पाणी मशीनचं ॲल्युमिनियम खाण्याआधी हा तुकडा खातं, त्याचं कामच ते. अर्धा झिजलेला तुकडा दिसला तर मशीन नीट राखलंय. पूर्ण संपलेला असेल तर त्यानंतर मशीन झिजलंय. आणि झिंकवरच रंग मारलेला असेल तर रंगवणाऱ्याला काही कळत नव्हतं, कारण रंगाखाली झिंक काम करत नाही. कव्हरच्या आत पांढरी पूड, बोल्टची डोकी गोल झालेली, नव्या रंगाखाली फोड, ही सगळी खाऱ्या पाण्याची सही आहे.

पेट्रोलचा नवा प्रश्न

जुन्या मशीनच्या बाबतीत गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट बदलली आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, मूळ लक्ष्य २०३० चं होतं. अनेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. कोकणची हवा दमट, पेट्रोल कॅनमध्ये ठेवलेलं, झाकण सैल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. टू स्ट्रोकमध्ये धोका आणखी, कारण वंगण देणारं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनात तेलाविना काहीतरी भलतंच जातं.

म्हणून विकणाऱ्याच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन थोडा वेळ ठेवून बघावं. खाली वेगळा थर दिसला तर ते मशीन त्याच पाण्यावर चाललंय. चाचणीसाठी स्वतःचं ताजं पेट्रोल न्यावं, टू स्ट्रोक असेल तर आऊटबोर्डसाठीचं तेल कंपनीच्या प्रमाणात मिसळून. मोटारसायकलचं टूटी तेल घालून वर्षानुवर्षं चालवलेलं मशीन असेल तर तेही भावात धरावं. हाताने दाबायचा रबरी गोळा आणि नळ्या कडक, चिरलेल्या किंवा चिकट झाल्या असतील तर बदलायच्या. खर्च फार नाही, पण समुद्रात मशीनला पेट्रोल न पोचण्याचं पहिलं कारण तेच असतं.

फोर स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं, धूर कमी. पण वजनाने ते जड आणि दुरुस्तीला नाजूक. त्याच्या आतल्या तेलाची काठी काढून बघावी. तेल दुधाळ असेल तर पाणी, पातळ आणि पेट्रोलच्या वासाचं असेल तर पेट्रोल आत उतरतंय. जवळच्या बंदरात त्याचं काम करणारा माणूस आणि सुटे भाग मिळतात का, हे मशीन बघण्याआधी विचारावं. आपल्या गावात ज्या कंपनीची जास्त मशीनं आहेत, त्याच कंपनीचं घेण्यात शहाणपण आहे, मग दुसरं थोडं स्वस्त का मिळेना.

शाफ्टची लांबी हा वेगळाच घोटाळा. आखूड शाफ्ट साधारण १५ इंचांचा, लांब २० इंचांचा. आपल्या होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून न जाता मशीन आणणारे दर हंगामात निघतात. आखूड मशीन उंच फळीला लावलं की लाटेवर पंखा हवेत फिरतो, लांब मशीन बुटक्या फळीला लावलं की उथळ खाडीत वाळू खणतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या साधारण बरोबरीत यायला हवी.

पैसे कधी मोजायचे

जुलैत समुद्रात चाचणी होत नाही, पण खाडीत आत, शांत पाण्यात होते. भरतीची वेळ बघून मशीन होडीला लावायचं, दोन माणसं जास्त बसवायची आणि निदान अर्धा तास चालवायचं. हळू, मग पूर्ण वेगात, मग पुन्हा हळू. बंद करून दहा मिनिटांनी गरम मशीन पुन्हा चालू करायचं. सुरक्षा दोरी ओढल्यावर मशीन लगेच बंद पडतं का, हे बघायला विसरू नये. वर्दळीच्या जागी, फेरीबोटी चालतात तिथे चाचणी नको. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, ते सगळ्या देशाने बघितलं. लाइफ जॅकेट घालूनच बसावं, खाडी असली तरी.

खाडीतली चाचणीही शक्य नसेल तर व्यवहार दोन हप्त्यांत करावा. काही रक्कम आधी, उरलेली ऑगस्टमध्ये ठरावीक फेऱ्या झाल्यावर. ओळखीच्या माणसाला हे मान्य व्हायला हरकत नसते. बाहेरचा व्यापारी मान्य करणार नाही, मग त्याचा भावही तेवढाच खाली हवा. समजा, मशीन ६० हजारांना सांगितलं आणि मेकॅनिकच्या अंदाजाने पंप, सील, कार्बोरेटर, नळ्या मिळून १२ हजारांचं काम आहे. तर बोलणी ४८ पासून सुरू व्हायला हवीत, ६० पासून नाही. 'भावकीतला माणूस आहे, कसं विचारू' म्हणून गप्प बसणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि नंतर भांडणही त्याच भावकीत होतं.

पावती साध्या कागदावर चालेल, पण तिच्यावर दोघांची नावं-सह्या, मशीनची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि दोन साक्षीदार हवेत. मूळ बिल मागून घ्यावं. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि नंबराच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. रक्कम शक्यतो बँकेतून किंवा फोनवरून द्यावी, म्हणजे नोंद राहते. त्यानंतर परवान्यावर इंजिनाचा बदल करून घ्यायला अर्ज द्यावा, आणि तो ३१ जुलैच्या आत, कारण १ तारखेला कार्यालयासमोर काय गर्दी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या फेरीला जुनी वल्ही घरी ठेवू नयेत. जादा प्लग, पाना, पंख्याची पिन आणि नांगराचा पुरेसा दोर होडीत असावा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवावेत. पहिले दोन-तीन दिवस शेजारच्या होडीबरोबर जोडीने आणि किनाऱ्याजवळच जावं, परत आल्यावर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवावं आणि आठवड्याने गियरच्या तेलाचा तो खालचा स्क्रू पुन्हा एकदा सैल करून बघावा.